पिल्लाची शी-शू आणि घराची शिस्त

‘कुत्र्याचे शेपूट किती दिवस नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. शेपटापुरती ती खरीही असेल. पण सवयीच्या बाबतीत कुत्र्याइतका शिकाऊ प्राणी दुसरा क्वचितच सापडेल. घरात नव्याने आलेले दीड-दोन महिन्यांचे पिल्लू दिवसातून दहा-बारा वेळा फरशी ओली करते, ते खोडसाळपणाने नव्हे. कोठे करायचे हे त्याला कोणी अजून शिकवलेले नसते आणि शिकवले तरी रोखून धरण्याची ताकद त्याच्या शरीरात अद्याप आलेली नसते. या दोन गोष्टी ज्या घराला उमगल्या, तेथे ही सवय साधारण चार ते सहा महिन्यांत अंगवळणी पडते. ज्या घराला त्या उमगत नाहीत, तेथे मात्र पहिला महिना कौतुकाचा, दुसरा कटकटीचा आणि तिसरा ‘याला कोणाला तरी देऊन टाकू या’ अशा भाषेचा ठरतो. पाळीव कुत्री घराबाहेर काढली जाण्याच्या कारणांत घरात घाण करणे हे एक नेहमीचे कारण आहे, हे पाहता या प्राथमिक शिक्षणाचे महत्त्व ध्यानात यावे.

निसर्गाने दिलेले भांडवल

कुत्रा हा मुळात बिळात किंवा आडोशाला पिल्ले घालणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला. जन्मल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई जिभेने चाटून त्याला उत्तेजना देते आणि जागाही तीच स्वच्छ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडलेले पिल्लू अडखळत चालू लागते, तेव्हा ते झोपण्याच्या जागेपासून चार पावले दूर जाऊन विधी उरकते. आपली झोपण्याची जागा घाण करायची नाही, ही प्रेरणा त्याला कोणी शिकवावी लागत नाही. पुढचे सारे शिक्षण या एका प्रेरणेवर उभे असते. ‘अंथरूण सोडून बाकी सारे घर’ ही पिल्लाची व्याख्या ‘ठरलेली जागा सोडून बाकी सारे घर’ अशी बदलायची, एवढेच माणसाचे काम.

सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाची पायाखालच्या पृष्ठभागाची आवड ठरू लागते. या वयात ज्या पृष्ठभागावर ते वारंवार विधी करते – माती, गवत, कागद वा गोणपाट – त्याचाच स्पर्श त्याला पुढेही योग्य वाटतो. जाळीच्या पिंजऱ्यात दाटीवाटीने ठेवलेल्या, स्वतःच्याच घाणीत झोपण्याची वेळ आलेल्या पिल्लांची ही नैसर्गिक प्रेरणा बोथट होते आणि अशा पिल्लांना शिकवणे फार जड जाते. म्हणून पिल्लू घेताना ते कोठे वाढले आहे, हे डोळ्यांनी पाहणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा होय. ‘प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध (श्वान प्रजनन व विपणन) नियम, २०१७’ नुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाच्या विक्रीला मनाई आहे. यामागे आईचे दूध आणि भावंडांचा सहवास हे हेतू आहेतच. शिवाय स्वच्छतेचे आरंभीचे संस्कारही याच काळात आईच्या सान्निध्यात होतात.

मूत्राशयाचे गणित

पिल्लू किती वेळ रोखून धरू शकते, याचा एक ढोबळ ठोकताळा पशुवैद्यक सांगतात. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. तितके तास ही त्याची कमाल मर्यादा. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तीन महिन्यांचे चार तास. मात्र ही मर्यादा शांत पडून राहिलेल्या पिल्लाची आहे. जागे असलेले, खेळणारे, पाणी पिणारे पिल्लू तासा-दीड तासात गरज दाखवते. लहान चणीच्या जातींचे मूत्राशयही लहान असल्याने त्यांच्या फेऱ्या अधिक असतात आणि सवय लागायला वेळही थोडा जास्त लागतो.

ज्या घरात दोघेही सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परततात, त्यांनी हे गणित पिल्लू आणण्यापूर्वीच मांडले पाहिजे. दहा तास एकट्या राहणाऱ्या दोन महिन्यांच्या पिल्लाने घर स्वच्छ ठेवावे, ही अपेक्षा शरीरशास्त्राच्या विरुद्ध आहे. अशा वेळी पहिले काही आठवडे रजा घेणे, घरातील ज्येष्ठांची मदत घेणे किंवा दुपारी पिल्लाकडे येऊन जाणारी खात्रीची व्यक्ती नेमणे, यांपैकी काही तरी करावेच लागते. तेही शक्य नसेल, तर पिल्लाऐवजी सवय लागलेला मोठा कुत्रा दत्तक घेणे दोघांच्याही हिताचे ठरते.

केव्हा न्यायचे?

पिल्लाची गरज अवेळी उद्भवत नाही. तिच्या वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर पाच ते वीस मिनिटांत, भरपूर पाणी प्यायल्यावर, खेळ संपताच आणि रात्री झोपण्यापूर्वी – या पाच वेळा चुकवायच्या नाहीत. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि लहान वयात ती विशेष तीव्र असते. त्यामुळे जेवणाच्या वेळा पक्क्या केल्या की शीच्या वेळा आपोआप पक्क्या होतात. दिवसभर भरलेले ताट पुढ्यात ठेवणाऱ्या घरात मात्र कोणतेच वेळापत्रक लागू पडत नाही.

दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लासाठी दिवसाची आखणी साधारण अशी करता येते :

सकाळी ६ – जाग येताच उचलून थेट ठरलेल्या जागी. चालत नेल्यास वाटेतच कार्यभाग उरकला जातो.
सकाळी ७ – पहिले खाणे; दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा ठरलेली जागा; मग थोडा खेळ, पुन्हा एक फेरी आणि झोप.
सकाळी ११ – दुसरे खाणे आणि तोच क्रम.
दुपारी ३ – तिसरे खाणे आणि तोच क्रम.
सायंकाळी ७ – चौथे आणि शेवटचे खाणे; त्यानंतर फेरी.
रात्री १०.३० – दिवसाची शेवटची फेरी.
रात्री २ च्या सुमारास – गजर लावून एक फेरी; हा त्रास सहसा काही आठवड्यांचाच असतो.

या मुख्य वेळांच्या मधल्या काळात पिल्लू जागे असेल तर दर तासाला एक चक्कर मारावी. पहिल्या आठवड्यात दूधवाल्याचा हिशेब मांडावा तशी दिनदर्शिकेवर प्रत्येक शी-शूची वेळ टिपून ठेवावी. सात-आठ दिवसांच्या नोंदींतून त्या विशिष्ट पिल्लाचे स्वतःचे घड्याळ स्पष्ट दिसू लागते. वेळेखेरीज पिल्लू खुणाही देते. खेळता खेळता एकदम थांबणे, नाक फरशीला लावून हुंगत गोल फिरणे, दाराकडे किंवा कोपऱ्याकडे जाणे, कुईकुई करणे या खुणा दिसताच हातातले काम टाकून त्याला उचलावे. येथे दहा सेकंदांचा उशीरही भोवतो.

जागा कोणती?

अंगण असलेल्या घरात हा प्रश्न फारसा नसतो. शहरातील सहाव्या-सातव्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये मात्र तो कळीचा ठरतो. कारण येथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. रस्त्यावर नेल्याखेरीज बाहेरची सवय लागत नाही आणि लसीकरण पूर्ण झाल्याखेरीज पिल्लाला रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. पार्व्होसारखा जीवघेणा विषाणू बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि जमिनीत अनेक महिने टिकून राहतो. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात. पुढील मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढे चालतात. रेबीजची लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. तोपर्यंत अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेले रस्ते, उद्याने आणि उकिरड्याच्या जागा टाळाव्यात. पिल्लाला कडेवर घेऊन रहदारी, माणसे, आवाज यांची ओळख करून देण्यास मात्र हरकत नाही, किंबहुना ती द्यावीच. अनोळखी गोष्टी स्वीकारण्याची पिल्लाची क्षमता तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात सर्वाधिक असते. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी जॅक्सन प्रयोगशाळेत केलेल्या आणि १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पिल्लांच्या या संवेदनशील काळाकडे जगाचे लक्ष वेधले.

म्हणून फ्लॅटमध्ये आरंभीचे दोन-अडीच महिने घरातच एक जागा नेमावी लागते. त्यासाठी तीन पर्याय प्रचलित आहेत. पहिला वर्तमानपत्राचा. छापील अंकाचा हा उत्तरार्ध संपादकांना फारसा रुचणारा नसला तरी त्याची उपयुक्तता वादातीत आहे. एका कोपऱ्यात चार-पाच पदरी कागद पसरावेत. बदलताना जुन्या ओल्या कागदाचा एक छोटा तुकडा नव्या थरांखाली ठेवावा, म्हणजे वासावरून पिल्लाला जागा ओळखता येते. आरंभी कागदाचा विस्तार मोठा ठेवून तो हळूहळू आटोपशीर करावा. पथ्य एकच : घरात इतरत्र जमिनीवर वर्तमानपत्र पडू देऊ नये. आजोबांचा आजचा अंक आणि कोपऱ्यातला कालचा अंक यांतील फरक पिल्लाला कळत नाही.

दुसरा पर्याय न्हाणीघराचा किंवा मोरीचा. धुण्यास सोपी, पाणी वाहून जाणारी ही जागा अनेक घरांना सोयीची वाटते. मात्र ओल्या लादीवर पिल्लाचे पाय घसरतात आणि ते तेथे जाण्यास घाबरते. त्यामुळे पायाखाली प्लास्टिकची जाळी घालावी. तिसरा पर्याय बाल्कनीतील कृत्रिम गवताच्या किंवा मातीच्या ट्रेचा. यात पुढे खऱ्या गवताकडे वळणे सोपे जाते. पण बाल्कनीतील पाणी खालच्या मजल्यावर ठिबकले की सोसायटीच्या सभेत विषय निघतोच; म्हणून खोलगट ट्रे आणि दररोजची सफाई अपरिहार्य होय. पायपुसणी आणि गालिचे या काळात सरळ उचलून ठेवावेत. पिल्लाच्या पायांना मऊ, शोषून घेणारा पृष्ठभाग आवडतो आणि एकदा पायपुसण्याची चटक लागली की ती सुटता सुटत नाही.

पद्धत

पिल्लाला प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच वाटेने न्यावे. तेथे उभे राहून एकच शब्द शांतपणे म्हणावा. ‘शू’ हा शब्द पुरेसा आहे. मात्र घरातील सर्वांनी तोच वापरला पाहिजे. आजी ‘शू’ म्हणते, मुलगा ‘पॉटी’ म्हणतो आणि बाबा नुसतेच ‘चल, चल’ म्हणतात, अशा घरात पिल्लाचा गोंधळ होतो. पाच मिनिटे वाट पाहावी. या वेळात त्याच्याशी खेळू नये, बोलू नये. विधी उरकत असताना कौतुक केल्यास पिल्लू अर्ध्यावरच थांबून शेपूट हलवत धावत येते; म्हणून ते पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि संपताक्षणी, दोन सेकंदांच्या आत, शाबासकी आणि खाऊचा छोटा तुकडा द्यावा. घरात परतून स्वयंपाकघरातल्या डब्यातून दिलेल्या खाऊचा संबंध पिल्लू ‘घरात येण्याशी’ जोडते, शूशी नव्हे. खाऊ खिशातच असावा.

पाच मिनिटांत काहीच झाले नाही, तर पिल्लाला परत आणून नजरेखाली किंवा मांडीवर ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्यावे. ‘आत्ताच तर नेले होते’ असे म्हणत मोकळे सोडलेले पिल्लू पुढच्या दोन मिनिटांत दिवाणखान्यात कार्यभाग उरकते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. पुढे बाहेर नेऊ लागल्यावर आणखी एक चूक हमखास होते. पिल्लाने शू करताच त्याला लगेच घरी वळवले जाते. फिरणे संपू नये म्हणून रोखून धरायचे, असे हुशार पिल्लू यातून शिकते. त्यामुळे आधी विधी आणि त्यानंतर फिरण्याची मजा, असा क्रम ठेवावा.

देखरेख आणि मर्यादित जागा

या शिक्षणात यश किती वेळा ‘बरोबर’ घडले आणि किती कमी वेळा ‘चुकीचे’ घडू दिले, यावर ठरते. त्यासाठी पिल्लू एक तर कोणाच्या तरी नजरेखाली असावे किंवा मर्यादित जागेत असावे. सारे घर त्याला मोकळे नसावे. पिल्लाचा पट्टा कमरेला बांधून घरकाम करणे हा देखरेखीचा सोपा मार्ग आहे. ते शक्य नसेल तेव्हा जाळीदार पिंजरा किंवा खोलीच्या दाराला आडवी फळी लावून केलेला कोपरा उपयोगी पडतो. पिंजरा पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल इतकाच असावा. फार मोठा असल्यास एका टोकाला झोपायचे आणि दुसऱ्या टोकाला शू करायची, अशी सोय पिल्लू करून घेते. पिंजरा ही शिक्षेची जागा होता कामा नये. मऊ अंथरूण, खेळणे आणि आत दिलेला खाऊ यांमुळे तो त्याला स्वतःचा वाटू लागतो. मूत्राशयाच्या गणितापेक्षा जास्त वेळ त्यात कोंडणे मात्र क्रूरपणाचे आहे. पिल्लाला बाल्कनीत दिवसभर बांधून ठेवणे तर सर्वथा अयोग्य. विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात ते जिवावर बेतू शकते.

आहार आणि पाणी

पिल्लाला दूध-पोळी किंवा दूध-भात घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परंतु आईचे दूध सुटल्यानंतर पिल्लाच्या आतड्यातील दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी होत जाते. गाई-म्हशीचे दूध अनेकांना पचत नाही आणि पातळ शी होते. जुलाब झालेल्या पिल्लाकडून नियमितपणाची अपेक्षा करता येत नाही. एकच सुयोग्य आहार, ठरल्या वेळी, बेतशीर प्रमाणात द्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचलावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा खाणे पुरते. पाहुण्यांनी भरवलेली बिस्किटे वेळापत्रक बिघडवतात. घरात शू करू नये म्हणून पाणी तोडणे हा उपाय नव्हे. आपल्या हवेत पिल्लाला दिवसभर स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे. झोपण्यापूर्वी तासभर भांडे उचलले तर पुरे, आणि उन्हाळ्यात तेही करू नये.

चूक झाली तर

पिल्लाचे नाक त्याच्या घाणीत घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे, अंगावर ओरडणे हे जुने उपाय आजही अनेक घरांत चालतात. त्यांचा परिणाम उलटा होतो. कृती आणि शिक्षा यांत थोडा जरी वेळ गेला तरी पिल्लू त्यांचा संबंध जोडू शकत नाही. त्याला कळते ते इतकेच, की माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली लपून विधी करू लागते आणि बाहेर नेल्यावर माणूस शेजारी उभा असेपर्यंत काहीच करत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात कुत्र्यांच्या सर्व प्रकारच्या प्रशिक्षणासाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींचीच शिफारस केली आहे.

‘पण त्याचा चेहरा बघा, चूक केली हे त्याला कळते’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ कुत्र्यांच्या बाबतीत हेच तपासले. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याची काही मालकांना मुद्दाम चुकीची माहिती देण्यात आली. कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे हा ‘अपराधी’ आविर्भाव कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत होता. किंबहुना खाऊला न शिवलेल्या कुत्र्यांना रागावले असता तो अधिक ठळक होता. तात्पर्य, तो चेहरा पश्चात्तापाचा नसून मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो.

पिल्लू चुकीच्या जागी बसताना प्रत्यक्ष दिसले, तर टाळी वाजवून किंवा ‘अरे’ म्हणून त्याचे लक्ष वेधावे आणि उचलून योग्य जागी न्यावे. तेथे उरलेले काम झाले तर शाबासकी द्यावी. घाण नंतर आढळली, तर मुकाट्याने पुसावी. त्या चुकीची नोंद पिल्लाच्या नव्हे, देखरेखीच्या खात्यावर करायची असते.

सफाईचे शास्त्र

माणसाच्या नाकाला स्वच्छ वाटणारी फरशी कुत्र्याच्या नाकाला तशी वाटत नाही. मूत्राचा अंश जेथे उरतो, ती जागा पिल्लाच्या लेखी अधिकृत ठरते. आधी कागदाने ओल टिपून घ्यावी, मग पाण्याने धुवावे आणि शक्य असल्यास विकरयुक्त द्रावण वापरावे. ही द्रावणे वास झाकत नाहीत, तर वास निर्माण करणाऱ्या घटकांचे विघटन करतात. अमोनियायुक्त क्लीनर टाळावेत, कारण त्यांचा वास मूत्राच्या वासाशी मिळताजुळता असतो. फिनेलने पुसलेली लादी पूर्ण सुकण्यापूर्वी पिल्लाला तेथे सोडू नये. ते पाय चाटते आणि फिनेल पोटात जाते. ताज्या मूत्रावर ब्लीच ओतू नये. त्यातून त्रासदायक वायू निर्माण होतो. ब्लीच आणि व्हिनेगरही कधी एकत्र करू नयेत. घरकामासाठी येणाऱ्या ताईंनाही ही पद्धत समजावून सांगावी. अन्यथा खुणेसाठी ठेवलेला कागद कचऱ्यात जातो आणि नेमलेल्या कोपऱ्याला फिनेलचा वास येऊ लागतो.

कागदाकडून रस्त्याकडे

लसीकरण पूर्ण झाल्यावर घरातील जागा एकदम बंद करू नये. कागद दररोज थोडा थोडा दाराच्या दिशेने सरकवावा. मग पिल्लाला बाहेर नेताना वासाचा एक तुकडा सोबत घ्यावा आणि तो माती किंवा गवतावर ठेवावा. पहिले काही दिवस बाहेर काहीच न करता पिल्लू घरी येऊन कागद गाठते. त्याला धीर धरावा लागतो. सकाळची पहिली फेरी या बदलासाठी सर्वांत उपयुक्त, कारण तेव्हा गरज तीव्र असते. लिफ्टमध्ये पिल्लाला उचलूनच न्यावे.

पावसाळ्यात अनेक पिल्ले ओल्या जमिनीवर पाऊल ठेवण्यास तयार नसतात. जूनपूर्वी सवय लागली असेल तरी जुलैत ती डळमळते. वळचणीखालची, पार्किंगच्या कडेची कोरडी जागा आधीच हेरून ठेवावी, छत्री घेऊन स्वतःही सोबत उभे राहावे आणि परतल्यावर पाय कोरडे करावेत. साचलेल्या पाण्यातून पिल्लाला नेऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या आणि बाधित कुत्र्यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाचा तडाखा अनुभवला आहे. कुत्र्यांसाठी याची लस उपलब्ध असून तिची मात्रा दरवर्षी द्यावी लागते. पिल्लाची शू पुसल्यानंतर साबणाने हात धुणे ही घरातील मुलांनाही लावण्याजोगी सवय आहे.

सवय मोडते तेव्हा

काही प्रसंगी शू होते, पण ती शिक्षणातील त्रुटी नसते. घरी परतलेल्या माणसाला पाहून किंवा कोणी अंगावर वाकल्यावर थेंब-थेंब शू होणे, हा आनंदाचा किंवा शरणागतीचा आविष्कार आहे. रागावल्यास तो वाढतो. आल्या आल्या पिल्लाकडे लक्ष न देणे, नंतर खाली बसून शांतपणे हनुवटीखाली कुरवाळणे हा त्यावरचा उपाय. बहुतेक पिल्लांची ही खोड वयानुसार जाते. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नर पाय वर करून ठिकठिकाणी थोडी थोडी शू करू लागतो; ती हद्द आखणी असते आणि निर्बीजीकरणाने अनेकदा कमी होते.

चांगली सवय लागलेले पिल्लू अचानक घरात शू करू लागले, वारंवार थोडी थोडी होऊ लागली, करताना ते कण्हू लागले किंवा रक्त दिसले, तर तो मूत्रमार्गाच्या संसर्गाचा इशारा असू शकतो. मादी पिल्लाची जागा झोपेतही सतत ओली राहत असेल, तर मूत्रवाहिनीच्या जन्मजात दोषाची शक्यता तपासावी लागते. अशा वेळी प्रशिक्षकाकडे नव्हे, पशुवैद्यकाकडे जावे. दोन दिवसांहून अधिक काळ टिकणारे जुलाब, विष्ठेतील जंत किंवा रक्त यांबाबतही हेच लागू. उलट्या आणि रक्ताचे जुलाब एकत्र दिसल्यास तर एक तासही दवडू नये. ती पार्व्होची लक्षणे असू शकतात.

उंबऱ्याबाहेरची जबाबदारी

पिल्लाला बाहेर जायला शिकवले म्हणजे घराची घाण रस्त्यावर लोटली असे होऊ नये. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच संसर्गक्षम नसतात. त्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात. म्हणूनच विष्ठा त्याच दिवशी उचलली तर मातीत खेळणाऱ्या मुलांचा धोका टळतो. न्यूयॉर्क शहरात कुत्र्याची विष्ठा मालकानेच उचलण्याचा कायदा १९७८ साली लागू झाला. बृहन्मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनीही सार्वजनिक जागी पाळीव प्राण्याने केलेली घाण उचलण्याची जबाबदारी मालकावर टाकली. खिशात कागद आणि पिशवी ठेवणे ही फिरायला निघण्याची पूर्वअट मानावी. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्रा पाळण्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो, हेही विसरू नये.

याची दुसरी बाजूही आहे. सोसायट्यांनी कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालू नये, अशी भूमिका भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत घेतली असून, त्याच सूचनांत मालकांनाही सार्वजनिक जागेतील स्वच्छतेची आठवण करून दिली आहे. जिन्यात किंवा लिफ्टमध्ये एकदा घाण झाली, तर ती मालकाने स्वतः आणि ताबडतोब पुसावी. शेजाऱ्यांशी होणारे निम्मे वाद तेथेच मिटतात.

आणि सवय लागत नाही म्हणून पिल्लाला दूरच्या रस्त्यावर सोडून येणे हा तोडगा नव्हे. तो गुन्हा आहे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार क्रूरतेत मोडते. घरात वाढलेल्या पिल्लाला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि तेथील कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे असते. त्यातील पहिल्या सहा महिन्यांत गजर लावून रात्री दोनला उठणे, दर तासाला एक चक्कर मारणे आणि चुकीच्या वेळी राग आवरणे एवढे ज्या घराला जमते, त्या घराला पुढची वर्षे फरशी पुसण्यात घालवावी लागत नाहीत. पिल्लू आणायचे की नाही, याचा निर्णय घेताना घरातील प्रत्येकाने आधी स्वतःला विचारायचा प्रश्न इतकाच, की रात्री दोनचा गजर कोण लावणार?